न बोलावलेल्या जोशाची दक्षिणा: लग्न पार पाडणाऱ्याचे मोल कोण ठरवतो?

१/
लग्नासाठी समन्वयक नेमावा की नाही आणि त्याने सांगितलेली रक्कम वाजवी आहे की नाही, ही चर्चा आज घरोघरी चालते. प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्राने तो फार पूर्वी, आणि तोही न्यायालयात, लढवलेला आहे. तेव्हा वाद असा होता: ज्याला लग्नाला बोलावलेच नाही, त्याचे पैसे द्यावे लागतात का? #थ्रेड

२/
प्रथम जुन्या गावातील लग्न डोळ्यांसमोर आणू. त्या लग्नात ‘व्यवस्थापक’ नावाचा एक माणूस नव्हता. व्यवस्था गावगाड्यातच विभागलेली होती. कुंभाराने मडकी द्यायची, पराटाने पायघड्या अंथरायच्या, सुताराने पाट-चौरंग पाहायचे, न्हाव्याने नवरदेवाची हजामत करायची आणि निरोप पोचवायचे, महाराने सरपण आणायचे. प्रत्येक कामाचा माणूस जन्माने ठरलेला असे.

३/
या कामांचा मोबदला रोख ठरवून दिला जात नसे. सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे आणि लग्नासारख्या प्रसंगी वेगळा मान असे: कोणाला नारळ, कोणाला पागोटे, कोणाला शिधा, कोणाला दोन पैसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही देण्याघेण्याची वीण तपशीलवार उलगडून दाखविली आहे.

४/
सरकारही या मांडवात हात पसरून उभे असे. मराठेशाहीतील करांच्या यादीत लग्नावरचा ‘लग्नटका’ आढळतो; विधवेच्या पुनर्विवाहावर ‘पाटदाम’ घेतला जाई. म्हणजे लग्नाच्या खर्चातील काही भाग कामाचा, काही मानाचा आणि काही निव्वळ सत्तेचा होता. हा फरक ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे.

५/
या सर्वांत ग्रामजोशाचे स्थान निराळे होते. तिथी पाहणे, मुहूर्त काढणे, विधींचा क्रम सांभाळणे, मंत्र म्हणणे ही कामे त्याची. आजच्या भाषेत बोलायचे तर लग्नाचे वेळापत्रक त्याच्या हाती होते. वर, वधू, वऱ्हाड, वाजंत्री सारे सज्ज असले तरी जोशाने सांगितल्याखेरीज अंतरपाट दूर होत नसे.

६/
आणि ते काम खरोखर कौशल्याचे होते. घरात घड्याळ नाही, भिंतीवर दिनदर्शिका नाही, अशा काळात ‘अमुक क्षण’ कसा ओळखावा? त्यासाठी घटिकापात्र असे. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, संपली. अशा ६० घटिकांची एक अहोरात्र होई.

७/
त्या काळी वेळ जाणणारा माणूस ही गावाची गरज होती आणि जोशाची दक्षिणा हे त्या ज्ञानाचे मोल होते. इथवर व्यवहार समजण्यासारखा आहे: ज्याच्याकडे दुर्मिळ विद्या, त्याला मोबदला. अडचण पुढे आहे. जोशीपण हे ‘वतन’ होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भाऊबंदांत त्याच्या वाटण्या होत. विद्या वारशाने मिळेलच असे नाही. हक्क मात्र मिळे.

८/
मग एकोणिसावे शतक आले आणि विद्येची दुर्मिळता ओसरू लागली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ साली मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. जी माहिती हस्तलिखित पोथीत आणि मोजक्या घरांत होती, ती विकत मिळू लागली. हळूहळू घड्याळेही आली. जोशाच्या सेवेचे मूल्य बदलत होते. त्याच्या हक्काची रक्कम मात्र जिथल्या तिथे होती.

९/
त्याच काळात दख्खनचा शेतकरी कर्जात बुडालेला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला. ‘शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो’ हे मत तेव्हा सर्रास ऐकू येई.

१०/
आयोगाचा निष्कर्ष मात्र अधिक समतोल होता. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे त्याने नोंदविले. असे प्रसंग आयुष्यात क्वचितच येतात आणि त्या खर्चातून कर्जाची सुरुवात सहसा होत नाही, असा त्याचा आशय होता. जमीनमहसूल, बुडालेली पिके आणि व्याजाचा फास यांच्यापुढे मांडवाचा खर्च लहान होता.

११/
म्हणून जोतीराव फुले यांची टीका नीट समजून घ्यायला हवी. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी शेतकऱ्याच्या घरातून दक्षिणा कशी निघून जाते, याचे चित्र रेखाटले. त्यांचा आक्षेप खर्चाच्या आकड्यापुरता नव्हता. ज्या भाषेतला शब्द यजमानाला कळत नाही आणि जी सेवा त्याला नाकारता येत नाही, तिचे पैसे त्याने का द्यावेत, हा त्यांचा सवाल होता.

१२/
२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून झाला. सावित्रीबाईंनी या विवाहासाठी पुढाकार घेतला होता. ७ मे १८७४ रोजी ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह याच पद्धतीने लागला.

१३/
पण पुरोहित वगळला म्हणून त्याचे काम नाहीसे होत नाही. आधी काय, मग काय, कोणी काय म्हणायचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. फुल्यांनी हे ओळखले. १८८७ साली त्यांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात वधू आणि वर एकमेकांना उद्देशून आपापली वचने उच्चारतात आणि स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेख भर मांडवात होतो. जी विद्या दक्षिणेच्या मागे बंदिस्त होती, ती वाचता येणाऱ्या कोणाच्याही हाती आली.

१४/
यावर वतनदारांचे उत्तर कायद्यातून आले. १८७० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे जोशी वतनाचे काही दावे आले होते. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून विधी करून घेतला, तरी वतनदार जोशाचा हक्क बुडत नाही, अशी भूमिका त्यांत मान्य झाली होती. कारण न्यायालयाच्या दृष्टीने वतन ही मालमत्ता होती. यजमानाला दुसरा माणूस निवडता येई, पण किंमत दोनदा मोजावी लागे.

१५/
आता जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी जाऊ. १८८० च्या दशकात तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशाला न बोलावता आपल्या घरचे लग्न लावले. वतनदार जोशांनी दावा दाखल केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने कायद्याच्या अहवालांत नोंदले गेले.

१६/
अखेर निकाल पाटलांच्या बाजूने लागला. पुरोहिताची सेवाच न घेता ज्यांनी आपले विधी आपण केले, त्यांच्याकडून वतनदाराला दक्षिणा वसूल करता येणार नाही, असे ठरले. एका पाटलाने वाचविलेली रक्कम मोठी नसेल. पण ‘मला ही सेवा नको’ असे म्हणण्याचा अधिकार त्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा होता.

१७/
मात्र ही मोकळीक अपुरी होती. आपल्या पसंतीचा दुसरा पुरोहित बोलावणाऱ्यांवर जुन्या हक्काची टांगती तलवार राहिलीच. ती दूर करण्यासाठी मुंबई विधिमंडळाला १९२६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. धार्मिक विधींच्या मानधनावरील वंशपरंपरागत दावे त्याने निष्प्रभ केले. पहिल्या सत्यशोधक विवाहापासून इथवर यायला ५३ वर्षे लागली.

१८/
दरम्यान कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. विधी ठेवायचे, पण ते करणारी माणसे बहुजन समाजातून घडवायची. त्यासाठी १९२० साली श्री शिवाजी वैदिक विद्यालय सुरू झाले. फुल्यांनी मध्यस्थाची गरज कमी केली. शाहूंनी मध्यस्थ होण्याची वाट सर्वांना खुली केली. दोन्ही मार्ग मक्तेदारीवरच घाव घालणारे होते.

१९/
न्यायाने पाहिले तर सगळेच जोशी सधन नव्हते. वतनाच्या वाटण्या होत होत अनेकांच्या वाट्याला तुटपुंजे उत्पन्न उरे. कित्येकांनी आपली विद्या निष्ठेने जपली आणि पाण्यातल्या वाटीवर नजर ठेवून असंख्य लग्ने वेळेवर लावली. त्या कष्टाला मोल होतेच. दोष मोबदल्यात नव्हता. काम केले नाही तरी मोबदला वसूल करण्याच्या अधिकारात होता.

२०/
या हिशेबात एक नाव कुठेच येत नाही: घरच्या बायकांचे. घाणा भरणे, मुहूर्ताची हळद कुटणे, रुखवत मांडणे, पंगतीची तयारी, कोणाला कोणता मान द्यायचा याचे स्मरण, कोण रुसले आणि त्यांची समजूत कोणी काढायची याची जाण. खरे समन्वयन तेथेच चाले. पण त्यांना ना वतन होते, ना बलुते, ना दक्षिणा. त्यांच्यासाठी कोणी दावा लावला नाही, कारण त्यांच्या कामाची किंमत कोणी ठरविलीच नव्हती.

२१/
आज हेच काम कोणी व्यवसाय म्हणून करते आणि त्याचे पैसे मागते, तेव्हा ‘यात पैसे घेण्यासारखे काय आहे?’ असे उद्गार निघतात. ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या फुकट समजले गेले, त्याचे देयक प्रथमच समोर येते आहे, म्हणून ते बोचते. वेळ सांभाळणे हे कालही कौशल्य होते आणि आजही आहे.

२२/
मात्र ओतूरच्या खटल्याने दिलेली कसोटी विसरू नये. जो माणूस आपण निवडतो, ज्याचे काम आपल्याला समजते आणि ज्याला आपण नकार देऊ शकतो, त्याला दिलेले पैसे हा मोबदला. ‘या सभागृहात आमचाच माणूस घ्यावा लागेल, बाहेरचा आणलात तरी आमची रक्कम भरा’ असे कोणी म्हणाले, तर समजावे की वतन नव्या कपड्यांत परत आले आहे.

२३/
मित्रहो, आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातील लग्नखर्चाची एखादी वही असेल तर ती जपून ठेवा. कोणाला किती दिले, कशासाठी दिले आणि कोणाचे नाव त्यात नाही, हे वाचा. आपल्याकडील नोंदी जरूर सांगा. त्यांतून गावोगावचा इतिहास उलगडेल.
(समाप्त)