मोरीची फरशी ते न्हाणीघराची लादी

न्हाणीघरासाठी लादी निवडताना आपण दोन परस्परविरोधी मागण्या करत असतो. ओल्या पायाखाली ती निसरडी होऊ नये, म्हणून खडबडीत हवी. आणि साबणाचा राप बसू नये, म्हणून गुळगुळीत हवी. लादीचा इतिहास पाहिला तर गुळगुळीतपणासाठी माणसाने खूप डोके चालवले, पायाचा विचार मात्र फार उशिरा झाला, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडच्या जुन्या मोऱ्या दगडाच्या. शहाबादी फरशी महाराष्ट्रात घरोघर पोचली याचे कारण भूगर्भात आहे. कर्नाटकातल्या शहाबाद भागातला हा चुनखडक प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाला. त्यामुळे तो थरांच्या सांध्यांवर फळीसारखा सुटतो. आपल्या दारचा काळा दगड लाव्हा थंड होऊन बनलेला; त्याच्या अशा पातळ फरश्या सहजी निघत नाहीत. पॉलिश न केलेल्या शहाबादीवर पाय चांगला ठरतो. तिचे वैर आहे ते आम्लाशी. वर्गात तिच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, लगेच बुडबुडे येतील. मोरी घासायला आणतात ते ‘ॲसिड’ बहुधा हेच. म्हणजे दर सफाईला फरशीच थोडी विरघळते, खळगे पडतात, त्यांत मळ बसतो आणि तो काढायला पुन्हा ॲसिड!

भाजलेल्या मातीची लादी आम्लाला दाद देत नाही. पण ती सपाट बनवणे हे मोठे कठीण काम होते. ओली माती वाळताना आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. लादी वाकडी होते. यावरचा उपाय आला तो चक्क गुंड्यांच्या धंद्यातून. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर या इंग्रज गृहस्थाने जवळजवळ कोरडी मातीची भुकटी धातूच्या साच्यात जोराने दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले. पाणीच कमी, म्हणून आकसणेही कमी. हर्बर्ट मिंटन या भांडी बनवणाऱ्या कारखानदाराने या पेटंटात भागी घेतली आणि गुंड्यांची युक्ती लाद्यांना लावली. मुंबईतले आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. तिथली जमीन मिंटनच्या लाद्यांची आहे. आजचे कारखानेही मुळात भुकटी दाबण्याचेच तत्त्व वापरतात. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सने सिमेंटच्या रंगीत लाद्या सुरू केल्या. त्यांना भट्टी लागत नाही, पण सिमेंटलाही आम्ल सोसत नाही.

दरम्यान पाश्चर आणि कॉख यांच्या कामामुळे जंतूंची भीती घरात शिरली होती. युरोप-अमेरिकेत न्हाणीघरे पांढरी झाली, कारण पांढऱ्यावर मळ लपत नाही. झिलई म्हणजे लादीवर वितळवून चढवलेली काच. भिंतीवर ती उत्तम. जमिनीवर मात्र साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा टाच आणि काच यांच्यामध्ये सापडतो आणि घर्षण एकदम घटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते ते अनेकदा इथेच.

जर्मनीत यासाठी एक मजेदार पण नेमकी चाचणी ठरली. लाद्या बसवलेल्या उतारावर साबणाचे पाणी सोडतात, त्यावर अनवाणी माणूस चालतो आणि उतार हळूहळू वाढवतात. पाय घसरू लागतो तो कोन मोजायचा. १२, १८ आणि २४ अंश अशा तीन पायऱ्या आहेत. शॉवरखालच्या जमिनीला किमान १८ अंश लागतात. कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक, हे आपण शाळेत शिकवतोच. १८ अंशांना तो सुमारे ०.३२ येतो.

दुसरी कसोटी शोषणाची. कोरडी लादी वजन करून दिवसभर पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा वजन करा. भिंतीसाठीच्या लाद्यांचे वजन दहा टक्क्यांहूनही अधिक वाढू शकते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार व्हिट्रिफाइड लादीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नसते. सच्छिद्र लादी तुलनेने कच्चीही असते. उरलेला माल म्हणून भिंतीचीच लादी खाली बसवण्याची गवंड्याची सूचना मानू नये, ती यासाठी.

आकाराचाही विचार करावा. लहान लाद्यांना सांधे जास्त, आणि सांध्यांवर पाय अडतो. शिवाय मोरीच्या तोंडाकडे चारही बाजूंनी उतार काढणे सोपे जाते. सांधे घासावे लागतात हे खरे, पण न्हाणीघरात आम्ही तो त्रास पत्करू. दुकानातून दोन-तीन नमुने मागून आणा. चपलेच्या रबरी तळाचा तुकडा वजनाखाली बांधा, लादीवर ठेवा आणि लादी एका बाजूने उचलत जा. आधी कोरडी, मग साबणाचे पाणी ओतून. रबर म्हणजे टाच नव्हे, पण कोणती लादी आधी दगा देते हे मुलांना कोनमापकावर वाचता येईल.