हलक्या तोफेचा भार

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील शिपाईगिरीची परंपरा आम्हां सर्वांस अभिमानास्पद आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवानें एकट्या पहिल्या महायुद्धांत ४६ जवान गमावले. परंतु शूराचें गुणगान करितांना त्याच्या हातीं कोणतें शस्त्र दिलें होतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों.

१९३० नंतरच्या दशकांत रणगाड्याविरुद्ध पायदळास एखादें हलकें व स्वस्त हत्यार द्यावें, असें अनेक राष्ट्रांनीं ठरविलें. हंगेरीनें स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न कारखान्याची २० मिलिमीटरची बंदूक पसंत केली व ‘३६ एम’ ह्या नांवानें ती स्वदेशीं तयार केली. नांवाची बंदूक, पण वजन सुमारें ४५ किलो. खरें म्हणजे ती लहानशी तोफच. इंग्रज सरकारनें हिंदी पलटणींस त्याच जातीची ‘बॉइज’ रायफल दिली. ती सुमारें १६ किलोंची. पातळ पोलाद दोन्ही भेदीत. पुढें रणगाड्यांचीं चिलखतें जाड होत गेलीं. शिपायाच्या हातांतील हत्यार मात्र तेंच राहिलें.

पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत सातारा, कोल्हापूर व कोंकण ह्या भागांतील तरुण भरती होत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हां साताऱ्यांतच मोडत असे. २० जून १९४२ रोजीं लिबियांतील तोब्रुकवर जर्मन रणगाड्यांनीं जो घाला घातला, तो आग्नेय बाजूस नेमलेल्या ह्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीवर कोसळला. दुसऱ्या दिवशीं तोब्रुक पडलें आणि सुमारें ३३,००० सैनिक कैद झाले. सात महिन्यांनीं, जानेवारी १९४३ मध्यें, डॉन नदीकांठीं हंगेरीच्या दुसऱ्या सेनेवर तसाच प्रसंग आला. रशियन ‘टी-३४’ रणगाड्याच्या ४५ मिलिमीटर जाडीच्या उतरत्या चिलखतापुढें ‘३६ एम’ निरुपयोगी ठरली. भारी तोफा पुरेशा नव्हत्या. सेनेची वाताहत झाली.

कृष्णाकांठचा शेतकरी आणि डॅन्यूबकांठचा शेतकरी परस्परांच्या शत्रुपक्षांत होते. युद्ध पुकारतांना दोघांसही कोणीं विचारलें नव्हतें. हलकें शस्त्र सरकारच्या तिजोरीस परवडतें. शिपायास तें जड जातें. कारण शस्त्र जितकें दुबळें, तितकें त्यास शत्रूला अधिक जवळ येऊं द्यावें लागतें.

इटलींतील पराक्रमाबद्दल ज्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव ह्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों, तें योग्यच आहे. पण तोब्रुकच्या कैद्यांस त्या स्मृतींत जागा नसावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पराभवाचा हिशेब मांडतांना शिपायाच्या धैर्याविषयीं शंका घेण्यापूर्वीं त्याला दिलेलें शस्त्र तपासलें पाहिजे.