पैनगंगेची सरहद्द

भीमपूरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि पलीकडच्या काठापासून यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही तीरांवर पऱ्हाटीची तीच काळी जमीन, तीच मराठी बोली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक असताना या नदीला सरहद्दीचे रूप कसे आले, याचा माग काढू गेल्यास तो हैदराबादच्या दरबारावरून थेट पॅरिसपर्यंत जाऊन पोहोचतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना शह देण्यासाठी सोळाव्या लुईच्या सरकारने काढलेले कर्ज, सरदार आणि धर्माधिकारी यांना मिळालेली करमाफी, आणि 1788 साली पीक बुडाल्यामुळे भडकलेला भाकरीचा भाव, या सर्वांचा स्फोट 1789 च्या राज्यक्रांतीत झाला. 1793 साली राजाचा शिरच्छेद झाला, फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले, आणि त्याची झळ दक्षिणेतही लागली. हैदराबादच्या निजाम अली खानाच्या पदरी मुसा रेमू या नावाने ओळखला जाणारा एक फ्रेंच सेनानी होता. त्याच्या कवायती पलटणी 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांविरुद्ध लढल्या. त्या प्रसंगी इंग्रज तटस्थ राहिले, हे शल्य निजामाच्या मनात इतके खोल रुतले की पराभवानंतर त्याने रेमूचीच फौज वाढवली. ती सुमारे 14,000 पर्यंत गेली आणि क्रांतीचे तिरंगी निशाण दख्खनमध्ये फडकू लागले.

नेमक्या याच सुमारास, 1798 साली, वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपूचे फ्रेंचांशी संधान आणि नेपोलियनची इजिप्तवरील स्वारी यांमुळे हैदराबादची ती पलटण त्याला शत्रूची आघाडीच वाटू लागली. रेमू मार्चमध्येच मृत्यू पावला होता. 1 सप्टेंबरच्या तहाने निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि 22 ऑक्टोबरला, थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्याच अंमलदारांवर उठलेले असताना, फ्रेंच पलटणीची हत्यारे काढून घेण्यात आली. खरे परावलंबन त्या दिवशी सुरू झाले, असे मला वाटते.

देवगावच्या तहात भोसल्यांनी सोडलेला नदीच्या उत्तरेकडील वऱ्हाडचा हिस्सा पुढे निजामाच्या पदरात पडला आणि पैनगंगेचे दोन्ही काठ त्याच्याच अंमलाखाली राहिले. परंतु तैनाती फौजेखेरीज कंटिंजंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली होती. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईने फ्रेंचांचे भय कायमचे मिटले, तरी शांततेच्या काळातही ही फौज विसर्जित झाली नाही, आणि तिच्या पगाराची बाकी वर्षानुवर्षे तुंबत गेली. अखेर डलहौसीने तगादा लावून 21 मे 1853 च्या तहान्वये वऱ्हाडचा वसूल आपल्या ताब्यात घेतला. कर्जाने लुईचे सिंहासन गेले होते. कर्जानेच निजामाचा हा सर्वांत सुपीक मुलूख गेला. नदीच्या उत्तरेला इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया, दक्षिणेला मोगलाई, हाली सिक्का आणि करोडगिरीचे नाके, अशी एकाच खोऱ्याची वाटणी झाली.

1902 साली कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खानाने धन आणि सैन्य देऊन साम्राज्याला साहाय्य केले आणि 1918 साली त्याला उच्च किताब मिळाला. त्या भरवशावर 1923 साली त्याने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा मात्र 1926 च्या उत्तरात लॉर्ड रीडिंगने ब्रिटिश सत्तेचे सार्वभौमत्व त्याला निक्षून सांगितले. इतक्या निष्ठेचे हे मोल मला आजही अन्यायाचे वाटते.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा नांदेडकडे आले (राजुरा पुढे 1959 साली चांद्याकडे गेले), पण भीमपूरची बाजू आंध्र प्रदेशात गेली आणि 2014 पासून ती तेलंगणात आहे. 1853 साली ज्या पात्रातून हद्द धरली गेली, त्याच पात्रातून ती आजही जाते.