पिटकेर्न बेटाचा इ. स. १८३८ चा कागद

ज्यानें कागद लिहून दिला त्यास तो देण्याचा अधिकार होता कीं नव्हता, हा प्रश्न सनदा व महजर तपासणाऱ्यांस रोजचाच आहे. तथापि ज्या कागदावर एका वस्तीची राज्यव्यवस्था उभी राहिली आणि ज्याच्या अधिकाराचा वाद १६८ वर्षांनीं प्रिव्ही कौन्सिलापुढें निकालास आला, असा कागद विरळा. दक्षिण पॅसिफिक महासागरांत पिटकेर्न हें पांच चौरस किलोमीटरांहूनही लहान बेट आहे. त्याचा इ. स. १८३८ चा कागद हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

इ. स. १७८९ च्या एप्रिलांत 'बाउंटी' जहाजावरील खलाशांनीं कप्तान ब्लाय याजविरुद्ध बंड केलें. त्यांपैकीं नऊ जण ताहिती व आसपासच्या बेटांवरील स्त्रीपुरुषांसह १७९० च्या जानेवारींत पिटकेर्नास उतरले व जहाज त्यांनीं जाळून टाकिलें. पुढें बहुतेक पुरुष आपसांतील खुनांत मेले. १८०० नंतर जॉन अ‍ॅडम्स हा एकच बंडवाला उरला, आणि १८२९ त तो वारेपर्यंत त्याचा शब्द हाच कायदा होता. त्याच्या मागें जी पोकळी राहिली तींत १८३२ सालीं जोशुआ हिल नांवाचा गृहस्थ शिरला. ब्रिटिश सरकारनें आपणांस पाठविलें आहे, अशी बतावणी करून त्यानें सत्ता बळकाविली. बेडफर्डच्या ड्यूकाशीं आपलें नातें असल्याचें तो सांगे. आणि १८३७ त जी युद्धनौका आली तिचा कप्तान नेमका त्या ड्यूकाचा पुत्र निघाला! भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत जाणणाऱ्यांस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

१८३८ च्या नोव्हेंबरअखेर कप्तान रसेल इलियट 'फ्लाय' ही युद्धनौका घेऊन आला. देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन जहाजांवरील लोक किनाऱ्यावर उतरून स्त्रियांवर बळजबरी करूं पाहतात, आणि तुम्हांस ना कायदा, ना अंमलदार, ना देश, असें हिणवितात, असें गाऱ्हाणें बेटवाल्यांनीं त्याजपुढें मांडिलें. लंडनहून तशी आज्ञा नसतांही इलियटनें घाईघाईनें कांहीं नियम लिहून दिले व ब्रिटिश निशाण दिलें. दरवर्षीं १ जानेवारीस एक मॅजिस्ट्रेट निवडावा. तो बेटावरच जन्मलेला असावा. आणि १८ वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक बेटकरास, मग तो पुरुष असो वा स्त्री, मत असावें, असा त्याचा मुख्य आशय आहे. मॅजिस्ट्रेटच्या मदतीस दोन सभासद. एक लोकांनीं निवडिलेला, दुसरा त्यानें स्वतः नेमिलेला. एडवर्ड क्विंटल हा पहिला मॅजिस्ट्रेट झाला. सहा ते सोळा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची होती, व मूल येवो वा न येवो, दरमहा एक शिलिंग द्यावाच लागे. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास हें कलम विशेष गोड वाटतें.

स्त्रियांस मत देणारा हा जगांतील पहिलाच कायदा, असें कित्येक लिहितात. तें खरें नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत मिळकत असलेल्या स्त्रिया १७७६ पासून १८०७ पर्यंत मत देऊं शकत होत्या. परंतु मिळकतीची अट न घालतां सर्व प्रौढ स्त्रियांस मत देणें ही गोष्ट न्यूझीलंडच्या १८९३ च्या कायद्याच्या ५५ वर्षें आधींची आहे.

त्या काळच्या अभ्यासास मोठें साधन म्हणजे बेटावरील जन्म, मृत्यु, विवाह व ठळक घडामोडींची हस्तलिखित वही होय. ती सर चार्ल्स ल्यूकस यांनीं १९२९ त छापून प्रसिद्ध केली. शकावल्या वाचण्याची संवय असलेल्यानें ती अवश्य चाळावी.

१८५६ त सारी वस्ती नॉरफोक बेटावर गेली. कांहीं कुटुंबें पुढें परतलीं. १८९३ त सात जणांचें पार्लमेंट आलें, १९०४ त तें जाऊन मॅजिस्ट्रेट पुन्हा आला. १८९८ पासून बेटाचा कारभार पश्चिम पॅसिफिकच्या हायकमिशनराकडे होता. १९७० पासून न्यूझीलंडमधील ब्रिटिश हायकमिशनर हाच गव्हर्नर असतो. बेटावर मॅजिस्ट्रेटच्या जागीं आतां महापौर आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. २००४ सालीं बेटावरील सात पुरुषांवर अल्पवयी मुलींवरील अत्याचारांचे खटले चालले व सहा जण दोषी ठरले. बंडवाल्यांनीं 'बाउंटी' जाळून इंग्लंडच्या राजाशीं संबंध तोडिला, पुढें बेट ब्रिटिशांचें कधीं झालेंच नाहीं, आणि इंग्लिश कायदाही बेटावर कोणीं जाहीर केला नाहीं, असा आरोपींचा बचाव होता. वाद अखेर प्रिव्ही कौन्सिलांत गेला. आपल्याकडील वतनांचे व दत्तकांचे तंटे १९४९ पर्यंत जेथें जात तेंच हें न्यायासन. त्यानें ३० ऑक्टोबर २००६ रोजीं अपील फेटाळिलें. एखादा मुलूख राजसत्तेखालीं आहे कीं नाहीं, याविषयीं सरकारचें म्हणणें न्यायालयास बंधनकारक आहे, हें त्याचें मुख्य कारण. म्हणजे इलियटच्या अधिकाराचा कीस काढण्याचें कारणच उरलें नाहीं! संशोधकास हें उत्तर अपुरें वाटेल. निवाडा मात्र आमच्या मतें योग्यच झाला. कागद झाला तो परक्या खलाशांपासून स्त्रियांचें रक्षण व्हावें म्हणून. आणि दीड शतकाहून अधिक काळ मत हातीं असूनही घरच्याच पुरुषांविरुद्ध त्यांच्या मुलींस दाद मिळाली नव्हती. स्त्री महापौर प्रथम निवडून आली तीही २०१९ त.

निकालानंतर २०१० त नवी राज्यघटना अंमलांत आली. तींत मूलभूत हक्क व न्यायासनांचें स्वातंत्र्य लेखी नमूद आहे. १८३८ त मॅजिस्ट्रेटनें रोजनिशी ठेवून गंभीर गाऱ्हाणीं येणाऱ्या युद्धनौकेच्या कप्तानापुढें मांडावयाचीं होतीं. आतां गव्हर्नर वेलिंग्टनला असतो; कायदा करण्यापूर्वीं त्यानें बेटाच्या कौन्सिलाचा विचार घ्यावा असें घटनेंत आहे, मात्र कायदा करण्याची सत्ता त्याच्याच हातीं ठेविली आहे.