जनगणना चूल मोजते

जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. साच्यावर उभं राहणाऱ्या मला ही व्याख्या आवडते. ती आडनाव विचारत नाही. खोलीचा मालक आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट.

अंधेरी, घाटकोपर १९५० साली मुंबईत आले. बोरिवली, मुलुंड १९५७ साली. मग खाडीकाठी, डोंगरउतारावर झोपड्या वाढल्या. ४ जानेवारी १९७६ ला सरकारनं त्या एका दिवसात मोजल्या, पुढं फोटोपास आले. मोजलं म्हणजे वाचलो? छे! चारच महिन्यांनी, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी पोलीस लावून उठवली. म्युनिसिपालटीनंच पूर्वी तिथं बसवलेली माणसं, सुमारे ७० हजार, चीता कॅम्पच्या चिखलात. अणुकेंद्राला जागा हवी होती.

भाडेकरूचं दुखणं याहून निराळं. पुढं झोपडीचं संरक्षण तारखेवर आलं: आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्याआधीचा, त्याच झोपडीचा कागद दाखवा म्हणे! वर्षावर्षाला खोली बदलणारा तो कुठून आणील? जनगणनेत त्याची चूल मोजली जाते, पण कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच दारात. आमच्या बिऱ्हाडानं पाच खोल्या बदलल्या. रेशनकार्डावर पत्ता अजून पहिलीचाच.