दिव्याचा दम

2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवतात? संध्याकाळी वीज गेली की घरोघरी इमर्जन्सी लाइट लागायचे. आमच्याकडेही होता. त्याच्या उजेडात अम्मी तांदूळ निवडायची आणि मी कविता लिहायचो. दोन वर्षांनी तो दहा मिनिटांतच मंदावू लागला. दुकानदार म्हणाला, "नवा घ्या." अम्मी म्हणाली, "फेंक नक्को, पहले खोल के देख."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी चार स्क्रू काढले. आत सहा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी आणि दोन वायरी, लाल आणि काळी. जुनी काढून नवी लावली, तिच्यावर पेनाने तारीख लिहिली. पाच मिनिटांचं काम! म्हणाले, "उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नका." खरंच आहे. अशा बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. मग ती चार्ज घेत नाही.

या बॅटरीचा इतिहास जुना आहे. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 साली केली. स्वीडनच्या वाल्देमार युंगनर यांनी 1899 साली निकेल-कॅडमियमची केली. तीच पुढे दाढीच्या यंत्रांत, कॉर्डलेस फोनमध्ये, खेळण्यांत शिरली. 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि यंत्रं आणखी हलकी झाली.

पण एक गोष्ट हरवली, ती म्हणजे स्क्रू. कित्येक यंत्रांत सेल आतच जोडून टाकले, झाकणं चिकटवली. सेल थकला की चांगली मोटर, चांगलं पातं, सगळंच कचऱ्यात. शिसं आणि कॅडमियम तर विषारी. ते माती-पाण्यात उतरतं. आपल्याकडे 2001 चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. 2022 च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाने 2023 साली कायदा केला, की काही अपवाद वगळता लहान उपकरणांतली बॅटरी 18 फेब्रुवारी 2027 पासून ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे.

बदलताना मात्र त्याच जातीची, तेवढ्याच व्होल्टची बॅटरी घ्या. लिथियमशी खेळ नको, आग लागते. जुनी बॅटरी घंटागाडीत न टाकता दुकानात परत द्या.

चाचांचं दुकान केव्हाच बंद झालं. अम्मीही गेली. दिवा अजून लागतो. बॅटरी आता मीच बदलतो आणि तिच्यावर तारीख लिहितो.