दुर्बिणीच्या रिमोटवरची सर्वांत मंद गती

#धागा #इतिहास #खगोल

१/ आकाशदर्शनाच्या रात्री मोटार जोडलेली दुर्बीण तुम्ही हाताळली असेल, तर तिच्या हस्तनियंत्रकावरचे चार बाण आठवत असतील. बहुतेक यंत्रांत गतीचे आकडे १ ते ९ असतात. नवव्या गतीला दुर्बीण सेकंदाला काही अंश वळते. पहिल्या गतीला मात्र बाण दाबून धरला, तरी काही हालल्यासारखे वाटत नाही.

२/ ही पहिली गती अनेकांना निरुपयोगी वाटते. हजारो ताऱ्यांची यादी, छोटा पडदा, आपोआप लक्ष्य शोधणे, हे सारे अलीकडचे. ती मंद गती मात्र फार जुनी आहे, आणि विश्व प्रसरण पावते आहे हे माणसाला उमगले, त्यात तिचा वाटा आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

३/ पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत फिरते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. दोन मिनिटांत आकाश चंद्रबिंबाच्या रुंदीइतके पुढे जाते. दुर्बीण ताऱ्याची प्रतिमा मोठी करते, तशी ही चालही मोठी करते. तारा पाहता पाहता नेत्रिकेतून निसटतो.

४/ यावर देखणा उपाय केला जोसेफ फ्राउनहोफर यांनी. १८२४ साली डोरपात (आजचे टार्टू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी त्यांनी केलेल्या दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होता. वजनाच्या ओढीवर चालणारे घड्याळयंत्र तो एकच अक्ष फिरवी आणि दुर्बीण ताऱ्यामागे जाई.

५/ डोळ्याने पाहण्यापुरते हे पुरेसे होते. पुढे छायाचित्रणाची काच आली. डोळा क्षणाचा प्रकाश पाहतो, काच मात्र तो तासन्‌तास साठवते. १८८३ साली अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले.

६/ पण काच चूकही साठवते. दंतचक्रातला सूक्ष्म दोष, नळीचे स्वतःच्या भाराने वाकणे, क्षितिजाकडे वातावरणातून वाढत जाणारे वक्रीभवन, या प्रत्येकामुळे तारा किंचित ढळतो. तासाभराच्या छायाचित्रात बिंदूची रेघ होते. घड्याळ कितीही उत्तम असले, तरी त्याच्यावर एक जागता डोळा हवाच.

७/ म्हणून निरीक्षक एका ताऱ्यावर नजर रोखून बसे आणि तो ढळला की दुर्बीण सावरून घेई. आजच्या यंत्रातही हेच घडते. मार्गदर्शनाची गती ताऱ्यांच्या चालीच्या निम्मी ठेवली, तर पश्चिमेचा बाण दाबताच मोटार दीडपट वेगाने चालते, पूर्वेचा दाबताच निम्म्या वेगाने. ती थांबतही नाही, उलटही फिरत नाही. त्यामुळे दात्यांमधली सैल जागा आड येत नाही.

८/ या कामाची सर्वांत मोठी कसोटी लागली कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर. तेथील १०० इंची हुकर दुर्बीण १९१७ पासून जगात सर्वांत मोठी होती. आणि तिच्यावर रात्री जागवणाऱ्या माणसाकडे कसलीही पदवी नव्हती.

९/ मिल्टन ह्यूमसन यांचा जन्म १८९१चा. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली. वेधशाळा उभी राहत असताना ते खेचरांवरून सामान डोंगरावर नेत. १९१७ साली ते तेथे झाडलोटीच्या नोकरीला लागले, मग रात्रीचे मदतनीस झाले. त्यांच्या हाताचे कसब पाहून संचालक जॉर्ज एलरी हेल यांनी त्यांना वैज्ञानिकांच्या पंक्तीला बसवले.

१०/ त्या काळी व्हेस्टो स्लायफर यांच्या वेधांनी एक कोडे उभे केले होते. बहुतेक सर्पिल दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्याकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे त्या दूर जात होत्या. त्यांनी मोजलेला सर्वांत मोठा वेग होता सेकंदाला सुमारे १,८०० किलोमीटर. अधिक अंधुक, अधिक दूरच्या दीर्घिका आणखी वेगाने जातात का, हे एडविन हबल यांना तपासायचे होते.

११/ वेध घेण्याचे काम ह्यूमसन यांच्याकडे आले. दीर्घिका निवडली महाश्व तारकासमूहातील एनजीसी ७६१९. तिचा क्षीण प्रकाश वर्णपटलेखकाच्या बारीक फटीतच पडायला हवा. तो बाजूला सरकला की तेवढा वेळ काच रिकामी. दोन वर्णपट घेतले गेले. एकाला ३३ तास लागले, दुसऱ्याला ४५.

१२/ एवढी लांब रात्र पृथ्वीच्या त्या भागात नसतेच. म्हणजे पहाटे काच झाकायची आणि पुढच्या रात्री तीच काच, तीच दीर्घिका, तीच फट पुन्हा जुळवायची. गरम हवेने प्रतिमा थरथरते, म्हणून घुमटात शेकोटीची सोय नाही. थंडीने बधिरलेली बोटे आणि क्षणभरही हलू न देता येणारी नजर.

१३/ निष्कर्ष निघाला सेकंदाला ३,७७९ किलोमीटर, म्हणजे स्लायफर यांच्या कमाल वेगाच्या दुपटीहून अधिक. १९२९ साली ह्यूमसन यांचा छोटा निबंध आणि अंतर-वेग संबंधावरचा हबल यांचा सुप्रसिद्ध निबंध एकाच अंकात लागोपाठ छापले गेले. १९३१पर्यंत ह्यूमसन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगापर्यंत पोहोचले होते.

१४/ १९४८ साली पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. तिच्या नळीच्या तोंडाशी टांगलेल्या पिंजऱ्यात निरीक्षक स्वतः बसे. अंगात विजेवर तापणारा वैमानिकाचा पोशाख, हातात बटणांची लहान पेटी. आजच्या हस्तनियंत्रकाची ही थेट पूर्वज.

१५/ पुढे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे ताऱ्यावर लक्ष ठेवू लागले आणि सुधारणेची खूण स्वतःच मोटारीला देऊ लागले. १९९२ साली मीड कंपनीची एलएक्स २०० आली. वेळ आणि ठिकाण सांगा, ओळखीचे दोन तारे नेत्रिकेच्या मध्यावर आणा, बाकीचे आकाश यंत्र शोधून देते. मंद गतीवर बोट ठेवून बसण्याची गरज संपत आली.

१६/ नियमाला नाव मिळाले हबल यांचे, पुढे अवकाशातील दुर्बिणीलाही. ह्यूमसन यांना १९५० साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाची ती पहिली पदवी.

१७/ पुढच्या आकाशदर्शनात एक करून पाहा. आपोआप चाललेला पाठलाग थोडा बिघडू द्या, गती १ वर आणा आणि एकच तारा फुलीच्या मध्यावर दहा मिनिटे धरून ठेवा. पाचव्या मिनिटाला मान अवघडेल, डोळ्यांत पाणी येईल. मग ४५ तासांचा हिशेब मांडा.

(समाप्त)